शेतकऱ्यांचे गुरू सीमन नॅप

ज्या वयात मनुष्य कामधंद्यातून मोकळा होऊन उरलेले दिवस नातवंडांच्या सहवासात सुखाने घालवावेत अशी इच्छा करतो, त्या वयात ज्याने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कार्यास हात घातला, अशा एका सत्पुरुषाची ओळख आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून देणार आहोत. शेतकी खात्याचा मनुष्य आज आपल्या शिवारात येतो, कोणा एका शेतकऱ्याच्या तुकड्यावर नव्या बियाण्याचे प्रात्यक्षिक घेतले जाते आणि चार गावचे लोक बांधावर उभे राहून ते पीक पाहतात. यात आपणांस काही विशेष वाटत नाही. परंतु ही साधी गोष्टसुद्धा कोणास तरी प्रथम सुचावी लागली, आणि ती खरी करून दाखविण्यासाठी कोणास तरी झिजावे लागले. ज्यांनी हे केले, त्यांत अमेरिकेतील सीमन नॅप यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

सीमन असाहेल नॅप यांचा जन्म १६ डिसेंबर १८३३ रोजी न्यूयॉर्क संस्थानातील श्रून लेक या गावी झाला. वडील वैद्यकी करीत. मुलाने उत्तम शिक्षण घेतले व १८५६ साली स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेजातून तो पदवीधर झाला. त्याच वर्षी मराया हॉचकिस या सुशील तरुणीशी त्यांचा विवाह झाला, आणि पतिपत्नी दोघेही अध्यापनाच्या व्यवसायात शिरली. पुढील दहा वर्षे नॅप यांनी शाळामास्तर म्हणूनच काढली. ते असेच आयुष्यभर राहिले असते, तर एक चांगला शिक्षक यापलीकडे त्यांचे नाव कोणाच्या कानी गेले नसते.

परंतु ईश्वरी योजना निराळी होती. एका अपघातात त्यांच्या गुडघ्यास जबर दुखापत झाली व ते पंगू झाले. कुबड्यांवाचून चालवेना, शाळा सुटली. तेव्हा मोकळ्या हवेत प्रकृती सुधारेल या आशेने १८६६ साली त्यांनी बिऱ्हाड हलविले आणि पश्चिमेकडील आयोवा संस्थानात व्हिंटन गावाजवळ जमीन घेऊन मेंढ्या पाळण्याचा उद्योग आरंभिला. हिवाळा आला तो असा कडक की, मेंढ्यांचा कळप त्यास बळी पडला. पाय गेला, पैसाही गेला! तेव्हा कुटुंब पोसण्यासाठी त्यांनी मेथडिस्ट मंडळीचे पाळकत्व पत्करले, आणि १८६९ साली व्हिंटन येथील अंधशाळेच्या प्रमुखाची जागा स्वीकारली. सहा वर्षे त्यांनी ही शाळा सांभाळली. अंध मुलास फळ्यावर लिहून काही शिकविता येत नाही. वस्तू त्याच्या हातात द्यावी लागते, हाताला धरून काम करवून घ्यावे लागते. पुढे नॅप यांनी शेतकऱ्यांस शिकविण्याची जी रीत काढली तिचे मूळ या शाळेत असावे, असा आमचा तर्क आहे.

हळूहळू पायात बळ आले. अंधशाळा सोडून त्यांनी पुन्हा शेती धरली. उत्तम जातीची डुकरे व गुरे पाळली. शेतकऱ्यांसाठी एक नियतकालिकही चालविले. त्यांची कीर्ती ऐकून एम्स येथील शेतकी कॉलेजाने १८७९ साली त्यांस शेतकीचे प्राध्यापक नेमले, आणि १८८३ साली ते तेथील अध्यक्ष झाले. अध्यापन करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, प्राध्यापकाजवळ शिकविण्याजोगे पक्के ज्ञानच थोडे आहे. कोणते बी कोणत्या मातीत चांगले, कोणते खत किती घालावे, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगावाचून कशी मिळणार? तेव्हा प्रत्येक संस्थानात सरकारी खर्चाने शेतकीचे प्रयोगक्षेत्र असावे, असे विधेयक त्यांनी १८८२ साली तयार केले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. तथापि त्याच कल्पनेतून १८८७ साली हॅच कायदा झाला, आणि देशभर प्रयोगक्षेत्रे उभी राहिली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. प्रयोगक्षेत्रांतून ज्ञान निघू लागले. त्याची पत्रके छापली गेली, पोस्टाने वाटली गेली आणि बहुतेक घरांत ती न वाचताच फळीवर धूळ खात पडली. दक्षिणेकडील कित्येक शेतकऱ्यांस तर अक्षरओळखही नव्हती. ज्यांस वाचता येई ते म्हणत की, ही पुस्तकी शेती आहे. कॉलेजातल्या साहेबांना नांगर धरावा लागत नाही, म्हणून ते असे लिहितात. यात त्यांचा केवळ आडमुठेपणा नव्हता. पुस्तकातील प्रयोग फसला तर प्राध्यापकाचा पगार बुडत नाही. शेतकऱ्याचे मात्र वर्ष बुडते, आणि लेकरे उपाशी राहतात. ज्याच्या गळ्याशी सावकाराचा फास आहे, तो आपली जुनी वाट सहजासहजी सोडीत नाही. ज्ञान आणि शेत यांच्यामधील ही दरी कशी भरून काढावी, हाच नॅप यांच्या उत्तरायुष्याचा प्रश्न झाला.

त्याचे उत्तर त्यांस लुइझिआनात सापडले. १८८५ साली एम्स सोडून ते त्या संस्थानातील लेक चार्ल्स या गावी गेले. तेथे एका कंपनीने सुमारे पंधरा लक्ष एकर पडीक जमीन विकत घेतली होती, व ती लागवडीस आणण्याचे काम नॅप यांजकडे सोपविले होते. स्थानिक लोक म्हणत की, या ओल्या माळावर गुरे चारण्याखेरीज दुसरे काही होणार नाही. उत्तरेकडून आलेले नवे लोक हे ऐकत आणि माघारी फिरत. जाहिराती छापून पाहिल्या, त्यांचा उपयोग होईना. मग नॅप यांनी निराळीच युक्ती योजिली. दर टापूत एक जाणता, कष्टाळू शेतकरी त्यांनी सवलतीच्या अटींवर आणून वसविला, व त्याने चांगली शेती करून दाखवावी एवढीच त्याजपासून अपेक्षा ठेवली. त्याचे शेत पिकलेले पाहून शेजारी बसू लागले, आणि जे हसत होते तेही त्याचे अनुकरण करू लागले. गव्हाच्या शेतात चालणारी यंत्रे भाताच्या खाचरात चालविण्यात आली, आणि जो माळ निरुपयोगी ठरला होता तो भाताचे आगर बनला. आयोवातून आलेल्या या मंडळींची आठवण म्हणून लुइझिआनातही व्हिंटन नावाचे गाव आहे.

भाताच्या या धंद्यात एक अडचण होती. तेथील तांदूळ गिरणीत सडताना फार तुटे, आणि कणीस भाव तो किती मिळणार! तेव्हा १८९८ साली, वयाच्या पासष्टीच्या उंबरठ्यावर, सरकारच्या शेतकी खात्याच्या वतीने नॅप जपान, चीन व फिलिपाइन्स या देशांच्या सफरीस गेले, आणि तेथील भातशेती पाहून जपानातील क्यूशू जातीचे कमी तुटणारे भात घेऊन परत आले.

इकडे दक्षिणेकडील संस्थानांवर एक मोठे अरिष्ट चालून आले होते. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्ससमध्ये एक बारीकसा किडा शिरला. लांबी जेमतेम पाव इंच, रंग करडा-तपकिरी, तोंडास लांब सोंड. आपल्याकडील बोंडअळीहून हा सोंडकिडा निराळा. तो भारतात नाही. मादी कपाशीच्या पातीस सोंडेने भोक पाडून आत अंडे घालते. अळी आतला गाभा खाते, आणि पाती पिवळी पडून गळते. पात्याच गळाल्या तर बोंडे कोठून येणार? दर वर्षी हा किडा काही मैल पुढे सरके, आणि जेथे जाई तेथे हाहाकार उडे. त्या मुलखात कपाशी हेच एक पीक होते. दुकानदार धान्य उधार देई तो कपाशीच्या भरवशावर, आणि पेढी दुकानदारास पैसा देई तोही त्याच भरवशावर. कपाशी गेली की, शेतकरी, दुकानदार व पेढी सारीच एकदम कोसळत. कुळे रातोरात झोपड्या सोडून निघून जाऊ लागली.

या संकटावर फवारणीचे खात्रीचे औषध त्या काळी नव्हते. उपाय होता तो मशागतीचा. लवकर तयार होणारे बियाणे लवकर पेरावे. ओळींत अंतर मोकळे ठेवावे. वरचेवर कोळपणी करावी. गळालेल्या पात्या वेचून नष्ट कराव्यात. आणि वेचणी संपताच पऱ्हाट्या उपटून जाळाव्यात, म्हणजे किड्यास हिवाळ्यात आसरा राहत नाही. हे सर्व शास्त्रज्ञांस ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता की, शेतकऱ्याने ते करावे कसे?

सरकारने प्रथम स्वतःच्या खर्चाने नमुन्याची शेते चालवून पाहिली. लोक येत, पाहत आणि म्हणत की, सरकारी तिजोरीतून पैसा मिळाला तर आम्हीही असे पिकवू. नॅप यांनी हे ओळखले. १९०३ च्या फेब्रुवारीत टेक्ससमधील टेरेल गावी नागरिकांची सभा भरली, तेव्हा त्यांनी आपली योजना मांडली. शेत सरकारचे नसावे, गावच्याच एका शेतकऱ्याचे असावे. पैसा, अवजारे व मेहनत त्याचीच. सरकार देईल ते फक्त मार्गदर्शन. नफा झाला तर त्याचा; तोटा झाला तर तो भरून देण्यासाठी गावकऱ्यांनीच वर्गणी जमवून ठेवावी. गावकऱ्यांनी सुमारे एक हजार डॉलरांची हमी उभी केली, आणि वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याची निवड झाली. पोर्टर यांनी सत्तर एकरांवर कपाशी व मका सांगितल्याप्रमाणे लावला. हंगाम संपला तेव्हा त्यांनी हिशेब केला. नेहमीच्या रीतीने शेती केली असती त्यापेक्षा सुमारे सातशे डॉलर अधिक पदरात पडले होते! वर्गणीच्या पैशास हात लावण्याची गरज पडली नाही. पुढील वर्षी त्याच रीतीने अधिक जमीन लावण्याचा निश्चय पोर्टर यांनी आपण होऊन जाहीर केला.

विद्यार्थिमित्रहो, या प्रयोगातील मर्म नीट लक्षात घ्या. कानांनी ऐकलेल्या गोष्टीवर मनुष्य सहसा विश्वास ठेवीत नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीतही तो काहीतरी लबाडी शोधतो. परंतु जे त्याने आपल्याच शेतात, आपल्याच बैलांनी, आपल्याच हाताने केले, ते तो कसे नाकारणार? नॅप यांच्या सर्व कार्याचा पाया हाच होता. त्यांस या वेळी सत्तरावे वर्ष लागले होते.

१९०४ साली सोंडकिड्याच्या निवारणार्थ अमेरिकेच्या सरकारने अडीच लक्ष डॉलर मंजूर केले, आणि त्यांतील काही भाग नॅप यांच्या हाती आला. ह्यूस्टन येथे कचेरी उघडून त्यांनी माणसे नेमली. ही माणसे निवडताना त्यांनी पदव्यांपेक्षा हाताचे घट्टे पाहिले. ज्याने स्वतः शेती करून यश मिळविले आहे आणि ज्यास शेजारी मानतात, असाच मनुष्य ते पसंत करीत. आगगाडीने व घोड्यावरून ही मंडळी गावोगाव हिंडत, आणि दर ठिकाणी काही शेतकऱ्यांकडून निदान थोड्या एकरांवर तरी प्रयोग करण्याचे वचन घेत. त्यांच्या शिकवणीचे नियम मोजके होते. शरदऋतूत खोल नांगरट, निवडक बियाणे, ओळींत पुरेसे अंतर, वरचेवर मशागत, मातीत सेंद्रिय खताची भर, पिकांची फेरपालट, चांगली जनावरे व अवजारे, पशुधनाची वाढ, घरास व गोठ्यास लागणारे अन्न घरच्या शेतातच पिकविणे, आणि सर्वांचा हिशेब लिहून ठेवणे. कपाशीच्या एका पिकावर मान टाकून बसलेल्या कुटुंबास परसात भाजीपाला, एखादी गाय व चार कोंबड्या ठेवावयास लावणे, हे नॅप यांस किडा मारण्याइतकेच महत्त्वाचे वाटे.

प्रारंभी एकेका मनुष्याकडे दहा-वीस जिल्ह्यांचा कारभार असे. १९०६ साली टेक्ससमधील स्मिथ जिल्ह्याच्या लोकांनी आपल्या एका जिल्ह्यासाठीच स्वतंत्र मनुष्य मागितला व त्याच्या वेतनाचा मोठा वाटा देऊ केला. १२ नोव्हेंबर १९०६ रोजी स्टॅलिंग्ज यांची तेथे नेमणूक झाली. एका जिल्ह्यास एक सल्लागार ही पद्धत येथून रूढ झाली. किडा जेथे अद्याप पोचला नव्हता त्या संस्थानांत मध्यवर्ती सरकारचा पैसा खर्च करता येत नसे. तेथे रॉकफेलर यांच्या देणगीतून स्थापन झालेल्या जनरल एज्युकेशन बोर्डाने १९०६ पासून हा भार उचलला.

त्याच महिन्यात दुसरी एक महत्त्वाची नेमणूक झाली. अलाबामातील टस्कीगी येथे बुकर वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीयांसाठी स्थापिलेली विद्यासंस्था होती, आणि तेथे ज्यांचे नाव मराठी घराघरांत पोचले आहे ते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकवीत होते. कार्व्हर हेही एम्सच्याच कॉलेजाचे पदवीधर. त्यांच्या योजनेने १९०६ साली एक खेचरांची गाडी तयार झाली होती. तीत नांगर, बियाणे, लोणी काढण्याचे यंत्र इत्यादी साहित्य भरून ती खेड्यांतून फिरविली जाई, आणि मॉरिस जेसप या दात्याच्या नावावरून तीस जेसप गाडी म्हणत. या गाडीवर काम करण्यासाठी नॅप यांनी टस्कीगीचाच एक तरुण, टॉमस कॅम्बेल, यास सरकारी सल्लागार नेमले. या खात्यातील तो पहिला कृष्णवर्णीय सल्लागार होय. ज्या काळी आगगाडीच्या डब्यापासून शाळेच्या बाकापर्यंत सर्वत्र वर्णभेद पाळला जाई, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. तथापि न्याय पुरता झाला असेही म्हणता येणार नाही. कृष्णवर्णीय सल्लागारांची संख्या नेहमीच अपुरी राहिली. आणि जे कूळ दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होते, त्याच्या वाढलेल्या पिकाचा मोठा वाटा मालकाच्या व सावकाराच्या घरी जात होता. चांगल्या मशागतीने किड्याचे दुःख हटले, पण या दुःखावर तिचा उपाय चालला नाही.

आता आमच्या बालवाचकांस आवडेल असा भाग सांगतो. बाप ऐकत नाही तर मुलास धरावे, असे नॅप यांस दिसून आले. १९०७ साली मिसिसिपीतील होम्स जिल्ह्याचे शाळाधिकारी स्मिथ यांनी मुलांचे मक्याचे मंडळ काढले होते. नॅप यांनी ते पाहिले व वार्षिक एक डॉलर या नाममात्र वेतनावर स्मिथ यांस आपल्या कामात सामील करून घेतले. प्रत्येक मुलाने एक एकर मका लावावयाचा, सर्व कामे स्वतः करावयाची आणि खर्चाचा हिशेब ठेवावयाचा, असा नियम होता. बापाचे शेत बांधापलीकडे, आणि मुलाचे अलीकडे! १९१० साली दक्षिण कॅरोलिनातील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावावर एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक, म्हणजे सुमारे १२८०० पौंड मक्याची नोंद झाली. त्या संस्थानात सर्वसाधारण शेतकऱ्यास एकरी वीस बुशेलही मिळत नसत. विजयी मुलांस वॉशिंग्टन शहराची सफर घडे, व शेतकी खात्याच्या मंत्र्यांच्या सहीचे प्रशस्तिपत्र मिळे. मुली तरी मागे का राहतील? त्याच वर्षी त्याच संस्थानात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींची टोमॅटो मंडळे काढली. प्रत्येकीने दशांश एकरात टोमॅटो लावून ते डबाबंद करावयाचे, आणि आलेला पैसा तिचाच. नॅप यांनी या कामासही पाठबळ दिले. मुलींच्या मागोमाग त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला, आणि गृहिणींसाठी स्त्री-सल्लागार नेमण्याची प्रथा सुरू झाली.

१ एप्रिल १९११ रोजी वॉशिंग्टन येथे, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, नॅप यांनी देह ठेवला. शेवटपर्यंत ते कामावर होते. त्यांचा देह आयोवातील एम्स येथे नेऊन मातीस दिला गेला. त्यांचे चिरंजीव ब्रॅडफर्ड यांनी पित्याचे काम पुढे चालविले. ८ मे १९१४ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी स्मिथ-लिव्हर कायद्यावर सही केली, आणि मध्यवर्ती सरकार, संस्थाने व शेतकी कॉलेजे यांच्या सहकार्याने चालणारी कृषिविस्तार सेवा देशभर स्थापन झाली. वॉशिंग्टनमधील शेतकी खात्याच्या इमारतींस जोडणाऱ्या एका कमानीस नॅप यांचे नाव दिलेले आहे.

आपल्या देशातही हा विचार पुढे रुजला. १९४८ साली उत्तर प्रदेशातील इटावा येथे ग्रामसुधारणेचा प्रयोग सुरू झाला; त्यात अमेरिकेतील शेतकीतज्ज्ञ हॉरेस होम्स यांचे साहाय्य होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना व पुढील वर्षी त्याच दिवशी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली, आणि ग्रामसेवक गावोगाव पोचला. १९७४ साली पाँडिचेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आज महाराष्ट्रातही ही केंद्रे आहेत.

नॅप यांनी कोणते नवे बियाणे निर्मिले नाही, कोणता किडा शोधून काढला नाही. जे ज्ञान होते, ते ज्यास पाहिजे त्याच्या हातापर्यंत त्यांनी पोचविले. त्यासाठी शेतकऱ्यास अडाणी म्हणून त्यांनी हिणविले नाही. त्याचा संशय रास्त मानला, आणि त्याच्याच शेतात त्याचे उत्तर शोधले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे. शाळेत शिकलेली एखादी गोष्ट घरी वडिलांस किंवा आजोबांस सांगावी, आणि त्यांनी ती हसण्यावारी न्यावी, असा अनुभव त्यांस आला असेल. अशा वेळी वाद घालू नये. बांधाजवळचा चार हातांचा तुकडा मागून घ्यावा, त्यात स्वतः खपावे, आणि पिकाची वाट पाहावी. पालकांसही आमची विनंती आहे की, तो तुकडा त्यांनी द्यावा.